गोळी गिळणाऱ्याचे मत

एचआयव्हीच्या उपचारांबाबत आपल्याकडे एक मत इतके रुळले आहे, की ते तपासून पाहावे असेही कोणाला वाटत नाही. ते असे: या आजाराचे औषध ठरलेले आहे, सरकार ते फुकट देते, डॉक्टरांना त्यातले कळते, रुग्णाने तारखेला यावे, सांगितलेली गोळी सांगितल्या वेळी घ्यावी आणि बाकीचे डॉक्टरांवर सोडावे. रुग्णाला विचारत बसणे, त्याच्यासोबत मिळून उपचार ठरवणे, हे सगळे परदेशातल्या दवाखान्यांना परवडणारे. आमच्याकडे सकाळी आठपासून रांग लागते. आमचा रुग्ण शिकलेला नाही. त्याला विचारले तर तोच म्हणतो, ‘डॉक्टरसाहेब, काय ते तुम्हीच बघा.’ शिवाय हा संसर्गाचा आजार. इथे एकट्याच्या मर्जीला किती किंमत द्यायची? असे मानणाऱ्यांत डॉक्टर आहेत, अधिकारी आहेत, नातेवाईक आहेत आणि पुष्कळदा खुद्द रुग्णही आहेत. मला हे मत चुकीचे वाटते. इतकेच असते तर सोडून देता आले असते. पण या मताने उपचार बिघडतात आणि त्याची किंमत ते मांडणाऱ्याला कधीच मोजावी लागत नाही, म्हणून ते खोडून काढणे भाग आहे.

मुळात उपचार कोण करतो, इथपासून सुरुवात करू. अपेंडिक्स काढायचे तर भूल देतात, सर्जन आपले काम करतो आणि रुग्ण झोपेत असतानाच उपचार पार पडतो. एचआयव्हीत असे काहीच घडत नाही. पंचविसाव्या वर्षी औषध सुरू केलेला माणूस पासष्टीपर्यंत जगला, आणि आजच्या औषधांवर तो त्याहून जास्तही जगू शकतो, तर त्याला साडेचौदा हजारांवर वेळा औषध घ्यावे लागते. डॉक्टर त्याला महिन्यातून किंवा तीन महिन्यांतून एकदा, काही मिनिटे भेटतात. उरलेला सगळा उपचार घरात, शेतावर, कामाच्या जागी, प्रवासात, लग्नघरात होतो आणि तो करणारा माणूस एकटा असतो. आज घ्यायची की उद्यावर टाकायची, पाहुणे गेल्यावर घ्यायची की मोरीत जाऊन घ्यायची, हे तोच ठरवतो. महाराष्ट्रात असे सुमारे 4 लाख लोक आहेत, देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. त्यांना निर्णयात सामील करून घ्यावे की नाही, हा प्रश्न डॉक्टरांच्या हाती उरलेलाच नाही. निर्णय ते रोज घेत आहेत. डॉक्टरांना सांगून घ्यायचा की त्यांच्यापासून लपवून, एवढेच डॉक्टरांच्या वागण्यावरून ठरते.

‘प्रोटोकॉल ठरलेला आहे, मग ठरवायचे काय उरते?’ हा पहिला आक्षेप. औषधांचा संच ठरलेला आहे, हे खरे. 2017 पासून, रक्तातल्या सीडी-फोर पेशी कितीही असोत, निदान झालेल्या प्रत्येकाला औषध सुरू करण्याचे धोरण आहे, आणि आता बहुतेकांना टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर यांची मिळून दिवसाला एक गोळी पुरते. पण गोळी एक झाली म्हणून माणसाचे दिवस एकसारखे झाले का? आधीच्या संचात इफाविरेन्झ होते. त्याने गरगरते, भलतीसलती स्वप्ने पडतात, म्हणून ते रात्री झोपताना घ्यायचे असते. रात्रभर ट्रक चालवणाऱ्याने किंवा रात्रपाळीच्या वॉचमनने ते कधी घ्यायचे? कामाची वेळ न विचारता ‘रात्री नऊला’ असे लिहून दिले, तर त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: स्टिअरिंगवर गरगरणे सोसायचे किंवा गोळी चुकवायची. आजची गोळी त्या मानाने सोपी आहे, पण तिचेही नियम आहेत. क्षयरोगासाठी रिफॅम्पिसिन सुरू झाले की डोल्युटेग्राव्हिर दिवसातून दोनदा घ्यावे लागते. जी गोळी घरच्यांच्या नकळत उरकता येत होती, तिच्या जोडीला बारा तासांनी आणखी एक येते. लोह किंवा कॅल्शियम यांच्यासोबत उपाशीपोटी घेतले तर डोल्युटेग्राव्हिर नीट शोषलेच जात नाही. दोन्ही एकत्र घ्यायची तर जेवणासोबत, नाहीतर मध्ये काही तासांचे अंतर हवे. आता एखाद्या गरोदर बाईची सकाळ डोळ्यांसमोर आणा. आशाताईंनी दिलेली लोहाची लाल गोळी सासू स्वतः तिच्या हातावर ठेवते. एआरटीची, म्हणजे एचआयव्हीच्या औषधाची, गोळी सासूला ठाऊक नाही, म्हणून ती पदराआडून काढून त्याच पाण्याच्या घोटाबरोबर घशाखाली जाते, चहाच्याही आधी. एकही गोळी चुकलेली नाही, एआरटी केंद्रातल्या पांढऱ्या कार्डावर नोंद चोख आहे, आणि तरीही औषध पोटात पुरते पोचत नाही. हे कोणत्या तपासणीत सापडणार? घरात कोणाला माहीत आहे, गोळी कुठे ठेवता, सकाळी आणखी काय घेता, हे कोणी विचारले तरच सापडेल.

ऊसतोडीचेही तसेच. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडकडून टोळ्या निघतात आणि पुढचे पाच-सहा महिने सांगली, कोल्हापूर, सातारा या भागांतल्या फडांवर राहतात. कोपीला दार नसते, डबा ठेवायला फळी नसते, शेजारच्या कोपीतले सगळे कानावर येते. तीस गोळ्यांची बाटली हलवली की खुळखुळते, म्हणून गोळ्या काढून पुडीत बांधून कनवटीला ठेवल्या जातात. तिथे त्यांना घाम लागतो, दव लागते. केंद्र शेकडो किलोमीटर मागे राहिलेले असते आणि मुकादमाकडे दर महिन्याला सुट्टी मागायची तर कारण सांगावे लागते. टोळीतल्या अशा जोडप्याला फडाजवळच्या केंद्रात नाव वर्ग करून देता येते, किंवा निघतानाच जास्त दिवसांचे औषध देता येते का ते पाहता येते. पण ती सोय लावायची तर ते दसऱ्यानंतर कुठे असणार, हे आधी कळायला हवे. आणि न विचारता ते कसे कळणार? मार्चमध्ये परत आल्यावर त्यांच्या नावापुढे ‘गैरहजर’ अशी खूण असते, आणि दोष त्यांच्या बेफिकिरीवर जातो.

दुसरा आक्षेप जास्त ठामपणे मांडला जातो आणि तो जास्त पोकळ आहे: ‘आमच्या रुग्णाला कळत नाही.’ काय कळत नाही? विषाणू पेशीत कसा शिरतो हे कळत नसेल. पण औषधाने आपल्याला काय होते आहे, हे त्याच्याइतके कोणाला कळते? 1 एप्रिल 2004 पासून देशातल्या निवडक सरकारी रुग्णालयांत, मुंबईत जे. जे. रुग्णालयात, मोफत एआरटी मिळू लागली. त्या काळातल्या स्वस्त संचांत स्टाव्हुडिन होते. त्याने हजारोंचे जीव वाचले आणि त्यानेच गाल आत गेले, दंडांवरच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या, तळपाय रात्रभर जळू लागले. रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत यातले काही दिसत नव्हते. ते आरशात दिसत होते, आणि गावातही. ज्याने महिनोन्महिने आजार लपवला, त्याचा चेहराच आता बोलत होता. जीव वाचतो आहे तर गालांचे काय घेऊन बसलात, हे उत्तर तेव्हा सहज दिले जाई. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच स्टाव्हुडिन मागे घेण्याचा सल्ला दिला. रुग्ण जे सांगत होते ते खरे होते. त्यांना ‘कळत नाही’ असे धरून चालणाऱ्यांना ते उशिरा कळले.

आणि ज्यांना कळते असे आपण मानतो, त्यांना रुग्णाबद्दल किती कळते? अमेरिकेत डेव्हिड पॅटरसन आणि सहकाऱ्यांनी 2000 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्ण औषध किती नियमित घेतात, हे त्यांनी झाकणात इलेक्ट्रॉनिक नोंद करणाऱ्या बाटल्यांवरून मोजले आणि डॉक्टरांनाही त्यांचा अंदाज विचारला. 41 टक्के रुग्णांबाबत डॉक्टरांचा अंदाज चुकला. परिचारिकांचा 30 टक्के रुग्णांबाबत. अनुभवी डॉक्टर, नेहमीचे रुग्ण, आणि तरी दर पाचांत दोघांबाबत चूक. ‘मला माझा रुग्ण बघूनच कळतो’ हा विश्वास कुठून आला आणि त्यावर कोणाचा उपचार बेतायचा, याचा विचार ज्याने त्याने करावा. दुसऱ्या बाजूला, दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नॅको) कार्यालयाबाहेर 2022 च्या जुलैपासून महिनाभराहून अधिक काळ जे लोक धरणे धरून बसले, ते कोण होते? एचआयव्हीसह जगणारी माणसे. कोणते औषध तुटते आहे, कुठे पूर्ण महिन्याऐवजी काही दिवसांचेच दिले जाते आहे, हे ती नावानिशी सांगत होती. ज्यांना काही कळत नाही असे म्हणतात, ती हीच माणसे.

याच्यावर एक अधिक गंभीर उत्तर दिले जाते आणि त्याला नीट भिडले पाहिजे. ते असे, की जिथे शास्त्रालाच खात्री नाही, जिथे धोका आणि फायदा दोन्ही मोठे आहेत, तिथे तरी निर्णय तज्ज्ञांनीच घ्यावा. रुग्णावर ते ओझे टाकणे क्रूर आहे. 2018 मध्ये नेमकी अशी वेळ आली होती. बोट्स्वानात त्सेपामो नावाच्या पाहणीत प्रसूतींची नोंद चालू होती. गर्भधारणेच्या वेळी डोल्युटेग्राव्हिर घेत असलेल्या बायकांच्या 426 बाळंतपणांत 4 बाळांना मज्जासंस्थेच्या नळीत जन्मजात दोष आढळला. प्रमाण सुमारे 0.9 टक्के, इतर औषधांवर ते 0.1 टक्क्याच्या आसपास होते. धोक्याची घंटा वाजली ती योग्यच होती. पण पुढे काय झाले? अनेक ठिकाणी मूल होण्याच्या वयातल्या सरसकट सगळ्या बायकांना हे औषध द्यायचे नाही, किंवा गर्भनिरोधक वापरण्याच्या अटीवरच द्यायचे, असे ठरले. जिला मूल नको होते, जिची नसबंदी झाली होती, जी जुन्या औषधाने झोपेविना हैराण होती, तिलाही विचारले गेले नाही. पुरुषांना नवे, जास्त टिकाऊ औषध, बायकांना जुने. बाईचे शरीर होणाऱ्या बाळाचे भांडे मानून तिच्या वतीने परस्पर निर्णय झाला. त्याच वर्षीच्या जुलैत आफ्रिकेतल्या अनेक देशांमधल्या एचआयव्हीसह जगणाऱ्या बायका रवांडातल्या किगालीत जमल्या. त्यांची मागणी साधी होती: धोका किती ते आम्हाला सांगा, फायदा किती तेही सांगा आणि निवड आमची आम्हाला करू द्या. वर्षभरात आकडे बदलले. 2019 च्या मध्यापर्यंत 1,683 बाळंतपणांत 5, म्हणजे 0.3 टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने डोल्युटेग्राव्हिर सर्वांसाठी, बायकांसह, पहिल्या पसंतीचे औषध म्हणून सुचवले. पुढच्या वर्षांत तो उरलेला फरकही पुसला गेला. कोणी म्हणेल, धोका खरा ठरला असता तर? तरीही किगालीतल्या मागणीत एक अक्षर बदलावे लागले नसते. शास्त्राला खात्री नसते तेव्हा धोका नाहीसा होत नाही, तो कोणाच्या तरी अंगावर पडतोच. ज्याच्या अंगावर तो पडणार, त्याला विचारण्याची गरज तेव्हा सर्वांत मोठी असते. स्तनपानाच्या बाबतीत अमेरिकेला हे 2023 मध्ये उमगले. तोवर तिथला सल्ला एचआयव्हीबाधित आईने अंगावर पाजू नये असा सरसकट होता; आता आईला माहिती द्यावी आणि तिच्यासोबत ठरवावे, असे तिथली मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. पाजणाऱ्या आया त्याआधीही होत्या. त्या डॉक्टरांना सांगत नव्हत्या, इतकेच.

‘पण रुग्णच म्हणतो, तुम्हीच बघा.’ हो, काही जण म्हणतात. बाल्टिमोरमधल्या जॉन्स हॉपकिन्सच्या एचआयव्ही दवाखान्यात मेरी कॅथरीन बीच आणि सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक रुग्णांना हेच विचारले. 23 टक्के म्हणाले, सगळे किंवा बहुतेक निर्णय डॉक्टरांनी घ्यावेत. 13 टक्क्यांना शेवटचा निर्णय एकट्याने घ्यायचा होता. आणि 63 टक्क्यांना तो मिळून घ्यायचा होता. याच गटाची औषध घेण्यातली नियमितता सगळे डॉक्टरांवर सोडणाऱ्यांपेक्षा चांगली होती. त्याच दवाखान्यातल्या 1,743 रुग्णांच्या आणखी एका पाहणीत दिसले, की ‘माझे डॉक्टर मला माणूस म्हणून ओळखतात’ असे सांगणारे रुग्ण औषध जास्त नियमित घेत होते आणि त्यांच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही न सापडण्याचे प्रमाण जास्त होते. या पाहण्यांवरून कारण कोणते आणि परिणाम कोणता हे सिद्ध होत नाही, हे मी मान्य करतो. पण सगळे डॉक्टरांवर सोपवणारा रुग्ण हाच गुणी रुग्ण, ही समजूत त्यांच्यापुढे टिकत नाही. बाल्टिमोर म्हणजे बीड नव्हे, असे कोणी म्हणेल. बीडमध्ये ‘तुम्हीच बघा’ म्हणणाऱ्याला आणखी कितीतरी भीती असतात: डॉक्टर रागावतील, पुढच्या वेळी ताटकळत ठेवतील, औषध बंद करतील. फुकट मिळणारे औषध ज्याला उपकार म्हणून घ्यायची सवय लावली आहे, तो त्या उपकाराबद्दल तक्रार कशी करणार? त्याच्या गप्प बसण्याला संमती म्हणायचे असेल, तर आधी त्याची ती भीती घालवा.

वेळेच्या सबबीवर फार शब्द खर्च करायला नकोत. गर्दी खरी आहे, डॉक्टरांच्या जागा रिकाम्या असतात हे खरे आहे, आणि त्याबद्दल सरकारला जाब विचारायलाच हवा. पण ‘गोळ्या घेताय ना नीट?’ या प्रश्नाला जितका वेळ लागतो, तितकाच ‘गेल्या महिन्यात किती राहिल्या? सगळ्यांच्याच राहतात’ याला लागतो. पहिल्या प्रश्नाला ‘हो’ याखेरीज उत्तर देण्याची कोणाची छाती नसते. दुसऱ्याला ‘चार’ असे उत्तर येऊ शकते, आणि त्या चार का राहिल्या याचेही. प्रत्येक एआरटी केंद्रात समुपदेशक याचसाठी नेमलेला असतो. त्याने टिपलेले डॉक्टरांनी वाचायचे असते. आणि न विचारल्याने वाचलेला वेळ जातो कुठे? दडवलेल्या गोळ्यांमुळे विषाणू औषधाला जुमानेनासा झाला की पुढच्या तपासण्या, महागडी दुसऱ्या फळीची औषधे आणि रुग्णाचे बिघडलेले वर्ष, हे सगळे त्याच दवाखान्याच्या दारात परत येते.

आता शेवटचा आणि सर्वांत आवडीने वापरला जाणारा युक्तिवाद: हा संसर्गाचा आजार आहे, समाजाचे हित आधी. मी समाजाच्या हिताच्याच बाजूने बोलतो आहे. एचपीटीएन 052 या चाचणीत नऊ देशांमधली 1,763 जोडपी होती, एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही अशी. पुणे आणि चेन्नई इथली जोडपीही त्यांत होती. 2011 मध्ये निष्कर्ष आला: लवकर औषध सुरू केल्याने जोडीदाराला होणारा संसर्ग 96 टक्क्यांनी घटतो. पुढे 2016 आणि 2019 मध्ये युरोपातल्या ‘पार्टनर’ अभ्यासांत, विषाणू दबलेल्या जोडीदाराकडून निरोध न वापरताही झालेला एकही संसर्ग सापडला नाही. म्हणजे समाजाचे रक्षण करणारी गोष्ट ती साडेचौदा हजार वेळा घेतली जाणारी गोळीच आहे, आणि ती विश्वासाशिवाय इतकी वर्षे घेतली जात नाही. मग हीच आनंदाची गोष्ट, व्हायरल लोड दबल्यावर शरीरसंबंधातून संसर्ग होत नाही ही, रुग्णांपासून राखून का ठेवायची? ‘कळले तर मोकाट सुटतील’ म्हणून? ज्या नवरा-बायकोने भीतीपोटी वर्षानुवर्षे एकमेकांना स्पर्श केला नाही, त्यांना हे न सांगणे ही सावधगिरी आहे की शिक्षा? निरोध इतर गुप्तरोगांसाठी अजूनही हवा, हे त्याच दमात सांगता येते. मोठ्या माणसांना दोन वाक्ये एकत्र समजतात.

गुपित फोडण्याचे समर्थनही याच युक्तिवादावर उभे असते. 1998 मध्ये ‘मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयाने फोडलेली माहिती योग्य ठरवली आणि बाधित व्यक्तीच्या लग्नाच्या हक्कावरही कडक भाष्य केले. 2002 मध्ये त्याच न्यायालयाने ते लग्नाविषयीचे भाष्य अनावश्यक ठरवले. सप्टेंबर 2018 पासून लागू असलेल्या एचआयव्ही कायद्याने वाट आखून दिली आहे. जोडीदाराला खरोखर धोका असेल तर डॉक्टर किंवा समुपदेशक त्याला सांगू शकतात. पण आधी रुग्णाचे समुपदेशन करायचे, तो स्वतः सांगणार नाही याची खात्री करायची आणि ‘मी आता सांगणार आहे’ हे त्याला कळवायचे. बाईला मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी रास्त भीती असेल, तर सांगायचे नाही. जोडीदाराच्या जिवाची काळजी आणि रुग्णाशी बोलणे, दोन्ही एकाच कलमात बसतात. ज्यांना ती दोन्ही परस्परविरोधी वाटतात, त्यांनी ते कलम वाचावे.

उरतो एक प्रश्न, जो मला खरा अवघड वाटतो: रुग्णाने चुकीचाच निर्णय घेतला तर? सीडी-फोर शंभराखाली आहे आणि तो म्हणतो, आज औषध नको. मिळून ठरवणे म्हणजे अशा वेळी मान हलवून पुढच्याला बोलावणे नव्हे. डॉक्टरांनी आपले मत आडपडदा न ठेवता सांगावे, थांबल्याने काय होऊ शकते तेही सांगावे, आणि मग विचारावे, अडतेय कशावर? उत्तर बहुधा औषधाबद्दल नसते. मुलीचे लग्न तोंडावर आहे, भाऊ एकाच खोलीत राहतो, आधीच्या दवाखान्यात सगळ्यांसमोर नाव पुकारले होते. यातले प्रत्येक कारण सुटण्याजोगे आहे, ते बोलले गेले तर. रागावलेल्या डॉक्टरांसमोर ते बोलले जात नाही. तिथे रुग्ण गोळ्या घेतो, पिशवीत टाकतो आणि घरी जाऊन फेकतो, आणि कागदावर उपचार सुरू राहतो. त्याच एचआयव्ही कायद्याने तपासणीसाठी आणि उपचारांसाठीही माहिती देऊन घेतलेली संमती बंधनकारक केली आहे. ज्या डॉक्टरांना हे नको आहे, त्यांनी रांगेचे, निरक्षरतेचे आणि समाजहिताचे कारण पुढे करू नये. रुग्णाचे ऐकण्याचे बंधन आम्हाला मान्य नाही, असे त्यांनी सरळ म्हणावे, आणि तसे म्हणण्याची मुभा त्यांना कोणत्या कायद्याने दिली, तेही सांगावे.